सहाव्या पायरीवर कोण बसलं होतं

प्रिय सई आणि चिन्मय,

माझी कपाटं तुम्ही पाहिली आहेत. प्रत्येक डब्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, आणि डाळींच्या रांगेत कधी साखर घुसलेली नाही. तुमचा बाबा म्हणतो, आईच्या घरात एखादी वस्तू मुद्दाम हरवायची म्हटली तरी हरवत नाही. पण एक गोष्ट अशी आहे, जी मी कुठल्याच डब्यात ठेवली नाही, कुठल्याच वहीत लिहिली नाही. आईला नाही, बहिणीला नाही, तुमच्या बाबाला तर नाहीच. देवाला एकदा सांगितली — तीही इंग्रजीत, म्हणजे निदान माझ्या सासूबाईंच्या देवाला कळू नये.

आज तुम्हाला लिहिते आहे. समास नीट सोडला आहे. शाई भरली आहे. आणखी काही तयारी करता येईल का, ते पाहून झालं. नाही येत.

निमित्त तुमचंच. मागच्या आठवड्यात तुमचा तो फोटो आला. स्कॉटलंडमधल्या कुठल्याशा किल्ल्याच्या पायथ्याशी, चहाच्या दुकानात, तुम्ही दोघं कप उंच धरून बसला आहात, आणि मागे सईच्या अक्षरात लिहिलंय, "आजोबांच्या नावानं! घराण्याची परंपरा पाळली, जिना चढलो नाही." मी हसले. मोठ्यानं हसले. मग फोटो टेबलावर ठेवला आणि दुपारी मला जेवण गेलं नाही.

ती गोष्ट तुम्हाला पाठ आहे. आपल्या घरातली सगळ्यात जुनी विनोदी गोष्ट — आजोबा विलायतेला गेले, किल्ला बघायला गेले, सहाव्या पायरीवर मटकन बसले, आणि बसल्या बसल्याच घसरत खाली आले, मागच्या बावीस बायकांना उलटं उतरायला लावून. चिन्मय, तू आठ वर्षांचा असताना आमच्या गच्चीच्या जिन्यावर त्याची नक्कल केली होतीस. पोटाला उशी बांधली होतीस. "आलो वं, आलो!" असं ओरडत तू खाली आलास आणि आजोबांनी खुर्चीतून टाळ्या वाजवल्या. त्या वेळी त्यांच्या तोंडाकडे तू पाहिलं होतंस का? मी नव्हतं पाहिलं. ती गोष्ट निघाली की मला स्वयंपाकघरात काहीतरी आठवायचं.

आधी ते किल्ले समजून घ्या. (मी विषयांतर करते आहे, हे मला कळतंय. करू द्या.) किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर, बुरूज, तटबंदी येते. तिथे तसं सगळीकडे नाही. तिथल्या जुन्या सरदारांची घरं म्हणजे नुसते चौकोनी दगडी मनोरे. मडक्यांच्या उतरंडीसारखी एका खोलीवर दुसरी खोली, तिच्यावर तिसरी. तळाला कोठार, त्याच्यावर जेवणाचा दिवाणखाना, त्याच्यावर झोपायची खोली, आणि अगदी वर गच्ची — शत्रू कुठून येतोय ते बघायला. भिंती अशा जाड की त्यांच्या आत कपाटं, पलंग, शौचकूपसुद्धा. दार एकच. आणि वर जायला जिना एकच, भिंतीच्या पोटातून गोल गोल फिरत जाणारा, एका माणसापुरता. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं परत जायचं. रेलिंग नाही, मधल्या खांबाला धरायचं किंवा भिंतीवर सोडलेल्या जाड दोराला.

तुमचे आजोबा नागपूरजवळच्या एका वीजकेंद्रात इंजिनिअर होते. सत्तरच्या दशकात त्यांना बॉयलरच्या प्रशिक्षणाला पाच महिने ग्लासगोजवळ पाठवलं, आणि शेवटचे तीन महिने मी गेले. तुमचा बाबा तेव्हा सहा वर्षांचा. त्याला धरमपेठेत माझ्या आईकडे ठेवलं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, इंग्रजीत एम.ए., मुलींच्या शाळेत इतिहास शिकवणारी. हे काटोलकडच्या खेड्यातले. इंग्रजी कामापुरतं, आणि घरात अस्सल नागपुरी. लग्न झाल्यापासून मी त्यांचं "मले-तुले" दुरुस्त करत होते. त्यांनी ते होऊ दिलं नाही. वाद नाही घातला — नुसतं होऊ दिलं नाही.

जायच्या आधी मी ओळखीच्या प्रत्येक बाईला सांगून ठेवलं होतं की मी तिथले किल्ले पाहणार आहे. कुठल्या राणीला कुठल्या मनोऱ्यात कोंडलं होतं, हे मला तोंडपाठ होतं. एवढं मात्र ठाऊक नव्हतं की बंद, अंधाऱ्या, अरुंद जागेत माझा श्वास अडकतो. नागपुरात कसं कळणार? इथे रस्तेसुद्धा अंगणासारखे.

तर पहिला किल्ला. शनिवारची सहलीची बस, बारीक पाऊस. मी सहावारी साडीवर घरमालकिणीचा जुना कोट चढवलेला, पायांत लोकरीचे मोजे. आमच्याबरोबर तिथल्या चर्चच्या बायकांचा एक मोठा गट होता, सगळ्या साठीच्या पुढच्या, सगळ्या तुरुतुरु चालणाऱ्या. जिन्यात माझ्यापुढे हे, मागे त्या बावीस जणी. एक, दोन, तीन पायऱ्या. चौथ्या पायरीला दाराचा उजेड संपला. पाचव्या पायरीला भिंत माझ्या दोन्ही खांद्यांना लागली. आणि सहाव्या पायरीवर —

हो. मी.

सहाव्या पायरीवर मी बसले. तुमचे आजोबा नव्हे. तुम्हाला पाठ असलेली ती गोष्ट शब्दन् शब्द खरी आहे, फक्त त्यातला माणूस बदललेला आहे. तो मी बदलला.

लिहून झालं. मला वाटलं होतं, इथे काहीतरी हलकं वाटेल. पण हा अजून अर्धाच भाग आहे, आणि तोही त्यातला बरा अर्धा आहे.

मी अशी काही बसले की कुणालाही मला उठवता येईना. मागून गाइडचा आवाज आला, सावकाश होऊ द्या बाईसाहेब, घाई नाही. आयुष्यभर जपलेलं माझं इंग्रजी त्या क्षणी मला सोडून गेलं. मी मराठीत ओरडले, "मला घरी जायचंय हो!" हे वरच्या पायरीवरून वाकून म्हणत होते, "अवं, पाय टाक नं. कायले भेतं? मी हाओ नं." मी पाय टाकला नाही. मी खाली सरकले. बसूनच — एक पायरी, मग दुसरी. माझ्या मागच्या बावीस जणींना एकमेकींना धरून उलटं उतरावं लागलं. माझ्या साडीचा काठ कुणाच्या तरी बुटाखाली होता, आणि मी दर पायरीला म्हणत होते, "आले हो, आले!"

बाहेर आल्यावर ह्यांनी मला चहाच्या दुकानात नेऊन बसवलं. हसले नाहीत. नागपूरचा कुठला नवरा हसला नसता? ते एवढंच म्हणाले, "तू च्या पी. मी पाहून येतो अन् तुले सांगतो." आणि पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले.

मग दर शनिवारी तसंच झालं. अकरा किल्ले. मी खाली टेबलाशी, समोर स्कोन नावाचा एक गोडसर पाव — तो खायला लोणी लागतं आणि धीरही. हे वर. तासाभरानं परत येत, कोटावर चुन्याचे डाग, आणि बसमध्ये बसल्यावर बोलायला लागत. तुम्ही आजोबांना ओळखता. दिवसाला दहा वाक्यं म्हणजे त्यांचं भाषण. पण त्या बसमध्ये ते बोलत सुटत. किती पायऱ्या, तर सत्त्याण्णव. मधेच एक पायरी मुद्दाम उंच, शत्रू अंधारात ठेचकाळावा म्हणून. दाराच्या वर छताला भोक, तिथून खाली आलेल्याच्या डोक्यावर काय वाटेल ते ओतायचं. शौचकूपात कपडे टांगत, त्या वासानं कसर लागत नाही म्हणून. गच्चीवरून काय दिसतं. वारा कसा लागतो. ते हातांनी दाखवत, आणि पुढच्या सीटवरची माणसं वळून बघत.

मी ते सगळं वहीत उतरवलं. पहिल्या आठवड्यात लिहिलं, "ह्यांनी पाहिलं." तिसऱ्या आठवड्यात, "आम्ही पाहिलं." शेवटच्या किल्ल्याच्या पानावर सुंदर अक्षरात लिहिलंय, "मी गच्चीवर उभी राहिले तेव्हा वारा एवढा होता की पदर सावरेना." वही आहे अजून. चिठ्ठी लावलेली आहे.

परत आल्यावर आमच्या वसाहतीच्या महिला मंडळात माझं व्याख्यान ठरलं. भिंतीवर पांढरी चादर, ह्यांनी काढलेल्या स्लाइड्स, आणि केंद्रातून मागून आणलेला प्रोजेक्टर. तो चालवायला अर्थातच हे. मी छडी घेऊन चादरीपाशी उभी. अर्धा तास छान गेला. शौचकूपातल्या कपड्यांना तर बायकांनी पदर तोंडाला लावले. मग लोखंडेबाई उठल्या. शेजारच्याच क्वार्टरमधल्या, आणि त्यांच्या नजरेतून पापडाची भेगसुद्धा सुटत नसे.

"अवं वानखेडेबाई, साऱ्या फोटोत गोटेच गोटे हायत. तुमी त कुठी दिसूनच नाही राहिल्या!"

खोलीत अंधार होता, पंखा फिरत होता, प्रोजेक्टर गुरगुरत होता. खरं सांगायला केवढा वेळ लागला असता? बायकाच होत्या सगळ्या. त्या हसल्या असत्या, दोन-चार जणींनी "मलेही तसंच होते वं" म्हटलं असतं, आणि विषय संपला असता. मी म्हटलं, "अहो, फोटो काढणारी मीच! मी कशी दिसेन?"

"मंग साहेब कुठी हायत?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. आणि उत्तर असं आलं, जणू ते कुणीतरी आधीच माझ्या तोंडात ठेवलं होतं. "साहेब ना? साहेब खाली चहा पीत होते. सहाव्या पायरीवरून परत आले!"

काय हशा झाला! माझ्या शिकवण्यात मुली कधी हसल्या नव्हत्या. मी शिस्तीची बाई, माझ्या तासाला टाचणी पडलेली ऐकू यायची. आणि इथे साठ बायका माझ्या एका वाक्यावर लोटपोट. मला ते फार आवडलं. हे मी तुम्हाला सांगितलंच पाहिजे — घाबरून मी पहिलं वाक्य बोलले असेन, पण पुढची सगळी आवडलं म्हणून. बावीस बायका, कोट, "आलो वं, आलो" — सगळं त्यांच्या नावावर घातलं. "आले हो"चं "आलो वं" करायलाही विसरले नाही. व्याकरण माझं पक्कं.

हे प्रोजेक्टरमागे उभे होते. भिंग नीट होतं, तरी त्यांनी ते पुढेमागे करून पाहिलं. मग पुढची स्लाइड लावली.

घरी येताना मी वाट पाहत होते. ते आता बोलतील, चिडतील. अंगणात आल्यावर म्हणाले, "तो बल्ब लय गरम होते. दर दहा मिनिटांनी बंद केला पाहिजे." आणि हातपाय धुवायला गेले.

त्यानंतर ते व्याख्यान गावभर फिरलं. शाळा, वाचनालयं, क्लब, गणेशोत्सव. सीताबर्डीत, इतवारीत, एकदा तर भंडाऱ्याला. मला रस्त्यात "किल्लेवाल्या बाई" म्हणायला लागले. आणि ह्यांना? बाजारात भाजीवाला म्हणे, "साहेब, दुकान वरच्या अंगाले हाय, दोन पायऱ्या हायत, येता का मी खाली आणून देऊ?" क्लबात पत्ते खेळताना कुणीतरी म्हणे, "वानखेडेले गच्चीवर नका नेऊ गा, बावीस बाया लागतीन उतरवाले." हे पत्ते पिसत राहत.

वाडी गावचं सांगते. अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गणपतीत माझं व्याख्यान. समोर ड्रायव्हर, हमाल, गोदामवाले — आणि खरं सांगू, इतके लक्ष देऊन ऐकणारे लोक मला कुठे भेटले नाहीत. एक गोदामवाला उठला. "बाई, एक पुसू का? एवढुशा जिन्यातून धान्याचे पोते वर कसे नेत होते?"

मला माहीत नव्हतं. हे बसमध्ये त्याबद्दल काहीतरी बोलले होते, पण मला ते रटाळ वाटलं म्हणून मी उतरवलं नव्हतं. मी छडी हातात फिरवत उभी. तेवढ्यात अंधारातून, मागून आवाज आला.

"जिन्यानं नाही नेत. खालच्या कोठीच्या छताले मधात भोक रायते. वरून दोर सोडायचा अन् पोतं वढून घ्यायचं."

"असं! म्हंजे आपल्यासारखीच कप्पी!" गोदामवाला खूश झाला. मग थबकला, वळला. "पण साहेब, तुमाले कसं मालूम? तुमी त खाली च्या पिऊन राहिले होते नं!"

मांडव हलला, एवढे लोक हसले. हे हशा थांबेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "बाईनं सांगतलं."

मला तेव्हा काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं. दुसरं काही नाही.

इथपर्यंत तुम्ही कदाचित हसत असाल. हसा. मीही ते लिहिताना दोनदा हसले. आता जे लिहायचं आहे, त्यासाठी मी मधे उठून दोन वेळा गॅस बंद आहे का ते पाहून आले.

केंद्रात धुराची नवी चिमणी उभी राहत होती. आमच्या वसाहतीतली सगळी घरं एकावर एक ठेवली तरी तिच्या कमरेला लागली नसती. बांधणारे कंत्राटदाराचे लोक. ह्यांचं काम खाली — नकाशे, तपासणी, पाया, माप. तीन वर्षं ह्यांनी त्या चिमणीचं सगळं केलं, पण दोरानं वर ओढतात त्या पाळण्यात बसून माथ्यावर जायची वेळ आली नव्हती. बांधणाऱ्यांशिवाय कुणी वर जायचं नाही असा नियम, आणि हे नियम पाळणारे. मात्र आमच्याकडे एक पद्धत होती. शेवटचा थर पडला की काम पाहणाऱ्या इंजिनिअरनं माथ्यावर जाऊन नारळ फोडायचा आणि झेंडा लावायचा. एकदाच. नंतर धूर सुरू झाला की वर कोण जातं?

त्या महिन्यात ते पुन्हा बोलायला लागले होते, त्या बसमध्ये बोलायचे तसे. जेवताना हात थांबवून. "वरून नागपूर सारं दिसते म्हणते. हवा साफ असली त रामटेकची टेकडीबी दिसते म्हणते. पाहतो मी." बर्डीच्या बाजारात जाऊन त्यांनी रबरी तळव्यांचे नवे बूट आणले. घरात घालून दोनदा चालून पाहिले.

त्या दिवशी मांडव घातला होता, आम्ही घरची माणसं खुर्च्यांवर. मोठे साहेब नुकतेच बदलून आलेले, फार सज्जन माणूस. त्यांनी मागच्याच गणपतीत माझं व्याख्यान ऐकलं होतं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले होते. पूजा झाली. ह्यांनी नारळ घ्यायला हात पुढे केला. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच, पण पहिल्या दोन रांगांना ऐकू जाईल एवढ्या हळूच म्हणाले, "वानखेडे, तुम्ही खालीच थांबा हं. आम्हाला माहीत आहे. उगाच त्रास नको. जोशी नेईल नारळ."

त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. त्यांना वाटलं, आपण एका माणसाची लाज राखतो आहोत. लोक समजूतदारपणे हसले. एक बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "बरं केलं साहेबानं."

मी पहिल्या रांगेत होते. मला पाच शब्द बोलायचे होते. साहेब, ते नव्हते, मी होते. मला तीन भाषा येत होत्या. मी पर्स उघडली, रुमाल काढला, रुमालाची घडी नीट केली, आणि पर्स बंद केली.

आणि हे? बोलणार काय? साऱ्या वसाहतीसमोर म्हणणार, की घाबरते ती माझी बायको? त्यांनी नारळ जोशीच्या हातात दिला आणि पेढ्यांचं ताट उचललं. त्या नव्या बुटांनी ते रांगारांगांतून पेढे वाटत फिरले. माझ्यापुढेही ताट आलं. मी पेढा घेतला.

जोशी वर गेला. ह्यांच्या हाताखालचं चोवीस वर्षांचं पोर, पाळणा हलल्याबरोबर त्यानं डोळे मिटले आणि रामनाम सुरू केलं, ते खालीही ऐकू येत होतं. झेंडा कंत्राटदाराच्या मिस्त्रीनं लावला. जोशी परत आला तेव्हा नारळ अख्खाच त्याच्या हातात होता — फोडायला हात सोडावा लागला असता ना. चेहरा राखेसारखा. बायका हसायला लागल्या. ह्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि तो जरा सावरल्यावर विचारलं, "काहो जोशी, रामटेक दिसलं का वरून?"

"नाही हो साहेब," जोशी म्हणाला. "मी डोळेच उघडले नाहीत."

ह्यांनी मान हलवली आणि नारळ त्याच्या हातातून घेऊन जमिनीवरच्या दगडावर फोडला.

दोन आठवड्यांनी चिमणीतून धूर निघाला. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख यायला लागली, आणि मी रोज संध्याकाळी ती झटकत असे.

मी बोलले त्यांच्याशी. एवढं तरी केलं. रविवारी सकाळी ते स्लाइड्स पुसत बसले होते, एकेक उजेडाकडे धरून. मी समोर जाऊन म्हटलं, "मी ते वाक्य काढून टाकते. सहाव्या पायरीचं." त्यांनी हातातली स्लाइड पुसून झाल्यावर खाली ठेवली. म्हणाले, "लोकं हासते नं? राहू दे."

ते रागानं म्हणाले, थकून म्हणाले, की माझ्यावर माया म्हणून म्हणाले? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. तरी मी वही काढली आणि पट्टी धरून, लाल शाईनं, ते वाक्य नीट खोडलं.

पुढच्या महिन्यात कामठीला मुलींच्या शाळेत व्याख्यान होतं. दुपारची वेळ, जेवणं झालेली, मुली पेंगत होत्या. दहा मिनिटं मी खरं खरं बोलले — किंवा निदान खोटं बोलले नाही. कुणी हसेना. मागे दोन मुली चक्क एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या होत्या. मुख्याध्यापिकाबाईंनी घड्याळ पाहिलं. आणि मी म्हटलं, "आमचे साहेब कुठे होते विचारा ना!"

मुली उठून बसल्या. मी सगळं सांगितलं, बावीस बायकांसकट. आणि हशा एवढा आला की मला तो संपू द्यावासा वाटेना. मग मी म्हटलं, "अहो, एवढंच काय! परवा आमच्याकडे नव्या चिमणीवर नारळ फोडायचा होता. साहेब तिथेही खालीच. पेढे वाटत होते!"

तेवढा हशा त्या व्याख्यानाला कधीच आला नव्हता. मुख्याध्यापिकाबाई खुर्चीचा हात धरून हसत होत्या. ह्यांच्याकडे मी पाहिलं नाही. ते प्रोजेक्टरमागे अंधारात होते. पुढची स्लाइड यायला नेहमीपेक्षा थोडा वेळ लागला, एवढं मला आठवतं. मग ती आली, आणि मी छडीनं गच्ची दाखवली.

ते व्याख्यान मी पुढे सात वर्षं दिलं. दर वेळी चिमणीसकट.

तुमची,
आजी